पुस्तकात सापडलेलं

कॉलेजच्या ग्रंथालयातल्या बाईंना मुलं पाठीमागे 'शांतताबाई' म्हणायची आणि बाईंना ते ठाऊक होतं. वाचनकक्षाच्या चारही भिंतींवर 'शांतता राखा' अशा पाट्या होत्या, पण बाईंचा पाट्यांवर काडीचा विश्वास नव्हता. कुणी खुर्ची फरफटत ओढली, की काउंटरमागून चष्म्याच्या वरून एक नजर जायची आणि खुर्ची निमूटपणे उचलून ठेवली जायची. साहाय्यक ग्रंथपाल असं त्यांचं कागदोपत्री पद होतं. प्रत्यक्षात पुस्तकं लावण्यापासून टेबलाखालचं च्युइंगम खरवडण्यापर्यंत सगळं त्याच करायच्या आणि वर कुरकुरायच्याही. कुरकुरण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

त्यांची एक सवय मात्र सांगण्यासारखी होती. परत आलेलं पुस्तक त्या आधी उलटं धरून हलकेच झटकायच्या. लोक पुस्तकात काय काय ठेवतात याला काही सुमार नाही. बसची तिकिटं, केसांच्या पिना, वाळून पापड झालेलं पान, चष्म्याची काडी, आणि एकदा तर चक्क एक मोजा निघाला होता. बाई नोकरीला लागल्या तेव्हाच्या म्हाताऱ्या ग्रंथपालांनी त्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, की सापडलेली वस्तू पाकिटात घालायची, पाकिटावर नाव लिहायचं नाही, फक्त सभासद क्रमांक लिहायचा, आणि तो माणूस आला की पाकीट हातात देताना त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, खांद्यापलीकडे कुठेतरी बघायचं. कोण काय वाचतं आणि वाचताना पानांत काय ठेवतं, हे ज्याचं त्याच्यापाशी. बाईंनी हे वर्षानुवर्षं पाळलं. न्यायला कुणी आलंच नाही असल्या वस्तू खालच्या खणातल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जमा व्हायच्या. मोज्याचा धनी अर्थातच कधी फिरकला नाही.

पुढे दिवस पालटले. मुलं फोनवरच वाचायला लागली, नाहीतर वाचतोय असं दाखवायला लागली. वाचनकक्षात दुपारी पंखेच तेवढे फिरताना दिसायचे. प्राचार्यांनी एका बैठकीत सहज म्हटल्यासारखं म्हटलं, की वरचा वाचनकक्ष ऑनलाइन परीक्षांसाठी द्यायला काय हरकत आहे, नाहीतरी रिकामाच असतो. ग्रंथपालसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. वरचा कक्ष गेला की खालचा जायला किती वेळ लागतो, हे त्यांना कळत होतं. त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं, की आता ग्रंथालयाने लोकांपर्यंत गेलं पाहिजे, सगळ्या कॉलेजांच्या ग्रंथालयांची पेजं आहेत, आपलंही हवं, आणि ते तुम्ही चालवा. मीच का, असं बाईंनी विचारलं. तुमचं अक्षर चांगलं आहे, असं साहेब म्हणाले. साहेबांना त्यातलं किती कळत होतं, ते यावरून समजावं.

बाईंनी पेज सुरू केलं आणि रीतसर 'नवीन आलेली पुस्तके' या मथळ्याखाली मुखपृष्ठांचे फोटो टाकायला लागल्या. पहिल्या महिन्यात त्यांना तीनच लाइक मिळाले. एक साहेबांचा, एक धाकट्या जावेचा आणि एक नवऱ्याचा. नवऱ्याने तर पोस्ट न बघताच दिला होता.

धाकटी जाऊ वरच्या मजल्यावर राहायची आणि लहान मुलांचे कपडे शिवून फोनवरून विकायची. तिचा धंदा बरा चालला होता, त्यामुळे या विषयात तिचा शब्द घरात वजनदार होता. एका संध्याकाळी चहा पिता पिता बाईंनी तिच्यापाशी रडगाणं गायलं. जाऊ म्हणाली, "ताई, तुम्ही लोकांना पुस्तकं दाखवताय. लोकांना पुस्तकं नको असतात, माणसं हवी असतात. मी झबली विकते, पण फोटो कधी नुसत्या झबल्याचा टाकत नाही, आत बाळ असतंच." बाईंनी विषय बदलावा म्हणून मोज्याची गोष्ट सांगितली, तर हसून हसून जावेला ठसका लागला. ठसका थांबल्यावर म्हणाली, "हेच टाका. तो मोजा टाका."

बाईंनी मोजा टाकला. खाली लिहिलं, 'हा आमच्याकडे अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडला. याचा जोडीदार घरी वाट बघत असेल. कृपया काउंटरवर संपर्क साधावा.' मालिकेला नाव दिलं 'पुस्तकात सापडलेलं'. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आख्ख्या कॉलेजने तो मोजा पाहिलेला होता. मुलं काउंटरपाशी येऊन मोजा दाखवा म्हणायला लागली, आणि आल्यासरशी एखादं पुस्तकही घेऊन जायला लागली. एका वात्रटाने मुद्दाम पुस्तकात चमचा ठेवून ते परत केलं. बाईंनी तोही टाकला.

मग दर सोमवारी एक वस्तू, असा शिरस्ताच पडला. जावेने फोटोवर अक्षरं कशी उमटवायची, चष्म्याची नाहीतर टोपीची चित्रं कशी चिकटवायची, ते शिकवलं. बाईंच्या लिहिण्यात एक खोडकरपणा होता, तो इतकी वर्षं पुस्तकांच्या पाठीवर आकडे लिहिण्यात वाया गेला होता. आता त्याला वाट मिळाली. प्राचार्य जिन्यात भेटले की हसायला लागले. परीक्षांसाठी कक्ष देण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. साहेब भर सभेत 'आमच्या बाई' म्हणाले, आणि बाईंना आयुष्यात पहिल्यांदा कळलं, की आपण कुणाला तरी आवडतो आहोत ही गोष्ट फोनवर आकड्यात दिसते. भाजीला फोडणी टाकायची आणि आकडा बघायचा, कणीक मळायची आणि पुन्हा बघायचा, असं त्यांचं होऊन बसलं. नवरा म्हणाला, फोनला पीठ लागतंय. ते त्यांना ऐकूही गेलं नाही.

बिस्किटांचा डबा मात्र बिस्किटांसारखाच संपला. जुन्या, बेवारशी वस्तू होत्या तोवर कुणाचं काही बिघडत नव्हतं. डब्याचा तळ दिसायला लागल्यावर बाईंनी ताज्या वस्तूंना हात घातला. आधी त्या माणसाला विचारायच्या, टाकू का म्हणून. मग विचारायचं राहून जायला लागलं. नाव तर कुठे टाकतो आपण, असं मनाशी म्हटलं की काम भागायचं. पाकिटांचा गठ्ठा खणात मागे सरकला, त्याच्यापुढे स्टेपलर आला, आणि म्हाताऱ्या ग्रंथपालांनी शिकवलेली गोष्ट कधी सुटली ते बाईंना सांगताही आलं नसतं. खरं म्हणजे त्यांनी स्वतःला ते विचारलंच नाही.

एका सोमवारी सकाळी एक माणूस पिशवीभर पुस्तकं घेऊन आला. ओळखीचा नव्हता. त्याने पुस्तकं काउंटरवर एकावर एक नीट रचली, सगळी आली का तेवढं बघा म्हणाला, आणि बाईंनी मान हलवताच निघून गेला. पुस्तकं मातीवालीची होती. मातीवाली म्हणजे मृदाशास्त्र विभागात पीएचडी करणारी मुलगी. मुलगी कसली, तिशीची बाई, पण बाईंच्या लेखी मुलगीच. क्षारपड जमिनींवर तिचं काम होतं आणि त्या कपाटातली पुस्तकं तिच्याखेरीज कुणी हलवत नसे. रोज येऊन बसणारी ती दोन महिने दिसली नव्हती. टायफॉइड झालाय, असं कुणीतरी म्हणालं होतं.

बाईंनी सगळ्यात जाड पुस्तक उलटं धरलं, आणि त्यातून तळहाताएवढा एक चकचकीत कागद गळून पडला. काळ्या-करड्या रंगाचा, मधे एक पांढुरका आकार. वरची नावाची पट्टी कुणीतरी कात्रीने काढलेली होती. बाईंना स्वतःला दोन मुलं होती, लेकीच्या बाळंतपणाच्या वेळचे सोनोग्राफीचे असले कागदही त्यांनी पाहिले होते. त्यांना क्षणात उमगलं. कुणाचा ते उमगलं, आणि म्हणून इतके दिवस दिसत नव्हती होय, असं म्हणून त्यांना आनंदही झाला. हे लक्षात ठेवलं पाहिजे, कारण पुढे बाईंनी स्वतःला बरीच दूषणं दिली, पण त्या सकाळी त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. आनंद झाला, आणि आनंदाच्या मागोमाग आठवलं की आज सोमवार आहे आणि टाकायला काही नाही.

ती येईपर्यंत थांबावं, असंही एकदा मनात आलं. पण ती कधी येईल कुणास ठाऊक, आणि नाव तर नाहीच आहे कागदावर. बाईंनी फोटो काढला, त्या पांढुरक्या आकारावर एक इवलासा गोल चष्मा चिकटवला आणि खाली अक्षरं उमटवली, 'आमचा सर्वांत छोटा वाचक. क्षारपड जमिनीवरच्या जाडजूड ग्रंथात सापडला. ग्रंथालयात स्वागत आहे.'

तेवढ्यावर त्या थांबल्या असत्या तरी बरं झालं असतं. पण सापडलेल्या वस्तू लावायला काउंटरशेजारी आता एक फळा होता, आणि ग्रंथालयातल्या माणसाला कागद दिसला की त्यावर प्लॅस्टिक चढवल्याशिवाय चैन पडत नाही. बाईंनी कागद लॅमिनेशनच्या यंत्रात सरकवला. पलीकडून तो काळाकुट्ट बाहेर आला. असल्या कागदावर शाई नसते, उष्णतेनेच चित्र उमटतं, आणि पुन्हा उष्णता लागली की सगळा कागद काळा पडतो, हे बाईंना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांना चुकचुकल्यासारखं झालं. त्यांनी तो काळा, गुळगुळीत, अजून गरम असलेला तुकडा टेबलाखालच्या टोपलीत टाकला. फोटो पेजवर आहेच की, असं त्या स्वतःशी म्हणाल्या. ग्रंथालयाच्या फोनची जागा नेहमी भरलेली असायची, म्हणून पोस्ट चढली की त्या फोनमधला फोटो पुसून टाकायच्या. तोही त्यांनी सवयीने पुसला.

त्या सोमवारइतका आकडा आधी कधीच झाला नव्हता. मोजाही मागे पडला. प्राचार्यांनी स्वतः हृदयाचं चित्र टाकलं होतं. बाई दिवसभर फोन उघडत होत्या आणि मिटत होत्या.

मंगळवारी मृदाशास्त्र विभागातली क्लार्क काउंटरवर आली. तिला पुस्तक नको होतं, बोलायचं होतं. ती म्हणाली, की तुमच्या पेजवरचं बघून आम्ही सगळे काल तिचं अभिनंदन करायला गेलो, कालच ती रजेवरून रुजू झाली होती. क्षारपड जमीन म्हटल्यावर दुसरं कोण असणार. सरांनी सगळ्यांसाठी आइस्क्रीम मागवलं. मी तिला मिठी मारली. ती आइस्क्रीमचा कप हातात धरून उभी राहिली, तो वितळून हातावर ओघळला तरी तशीच. मग पर्स घेऊन घरी गेली. नंतर प्रयोगशाळेतल्या बाईंनी सांगितलं, की तो टायफॉइड नव्हता. चौथ्या महिन्यात गेलं. कुणाला सांगितलं नव्हतं तिनं.

क्लार्क आणखीही काही बोलत होती. ती गेल्यावर बाईंनी संगणकाकडे धाव घेतली आणि पोस्ट काढून टाकली. खरंच काढून टाकायची का, असं त्या यंत्राने दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा त्यांनी घाईघाईने हो म्हटलं. पडदा स्वच्छ झाला. आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या मोकळ्या श्वासाची त्यांना पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली. कागद काळा करण्याची, चष्मा चिकटवण्याची, कशाचीच इतकी नाही.

घरी त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. जेवताना नवऱ्याने आकडा किती झाला म्हणून थट्टेने विचारलं, तेव्हा त्या ताटावरून उठल्या. आपलं तोंड आरशात बघायलाही त्यांना नको झालं होतं. तिच्याकडे जावं, पाय धरावेत, असं वाटायचं, आणि मग वाटायचं, आता पुन्हा जखमेला हात कशाला लावा. हे दुसरं वाटणं जरा जास्तच सोयीचं होतं, हेही त्यांना कळत होतं. त्यांनी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवून ठेवली. बुधवारी जुळवली, गुरुवारी आणखी चांगली जुळवली. गेल्या मात्र नाहीत.

शुक्रवारी दुपारी मातीवाली आपणहून आली. हातात पुस्तक नव्हतं. वाचनकक्षात दोन मुलं पेंगत होती, बाकी शुकशुकाट. बाई उठून उभ्या राहिल्या, माफीचं पहिलं वाक्य निम्म्यापर्यंत आलं, आणि तिनं हात वर करून ते थांबवलं.

"ते राहू द्या, मॅडम. मला फोटो हवाय. ह्यांनी पुस्तकं परत केली, त्यांना माहीत नव्हतं आत ठेवलाय ते. कुठे ठेवला ते मलाही आठवेना, मी आधीच घरभर शोधला होता. पलंग हलवून बघितला. मग पेजवर दिसला, तेव्हा कळलं इथे आहे. तेवढा एकच होता."

बाईंनी काय करायला हवं होतं, ते कुणीही सांगेल. पण वीसेक वर्षं काउंटरमागे बसलेल्या माणसाच्या तोंडात एक वाक्य तयारच असतं, पुस्तक जाग्यावर नसलं की ते आपोआप बाहेर पडतं. बाई म्हणाल्या, "शोधून ठेवते. उद्या ये."

आणि मातीवालीचा चेहरा उजळला. दोन महिन्यांत तिला पहिल्यांदाच कुणीतरी काहीतरी परत मिळेल असं सांगितलं होतं. ती थँक्यू म्हणाली. बाईंना थँक्यू म्हणाली. ती दाराबाहेर पडल्यावर बाई कपाटांच्या मागच्या गल्लीत गेल्या, मासिकांच्या जुन्या गठ्ठ्यांकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि पदराचा बोळा तोंडात धरून रडल्या. टोपली सोमवारीच रिकामी झाली होती. त्या तरीही परत येऊन टोपलीत वाकून बघून आल्या.

संध्याकाळी त्यांनी जावेपुढे सगळं ओकलं. काही लपवलं नाही, आनंद झाला होता तेही सांगितलं. जाऊ फोनमध्ये खालीखाली जात राहिली, आणि मग फोन बाईंपुढे धरला. सोमवारी सकाळी पोस्ट चढल्या चढल्या तिने तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता, कसं लिहावं याचा नमुना म्हणून. गोल चष्मा, बाईंची अक्षरं, सगळ्यासकट. खाली कमेंटचा पत्ताच नव्हता, कारण तेव्हा कुणी काही लिहिलेलंच नव्हतं.

जाऊ म्हणाली, "फोटो स्टुडिओवाला अक्षरं पुसून देईल. चष्मा निघणार नाही बहुतेक, तोंडावरच आहे ना."

बाईंनी सकाळी स्टुडिओ उघडायच्या आधीच जाऊन दारात ठाण मांडलं. स्टुडिओवाल्याने अक्षरं पुसली. चष्म्याखाली काय होतं ते मला दिसत नाही, मी मनाने काढलं तर ते त्याचं तोंड असणार नाही, असं तो म्हणाला, आणि बाईंना त्या अनोळखी माणसाचं भय वाटलं, इतकं तो बरोबर बोलला. त्यांनी दोन प्रती घेतल्या, एक अक्षरांसकट आणि एक अक्षरांविना. चष्मा दोन्हींवर होता.

मातीवाली आली, तेव्हा बाईंनी तिला काउंटरमागे बोलावून आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. या वेळी जुळवलेलं एकही वाक्य त्यांनी वापरलं नाही. मूळ कागद यंत्रात घातला, तो काळा पडला, मी तो टोपलीत टाकला, काल तुला शोधून ठेवते म्हणाले ते खोटं होतं, असं सरळ सांगितलं. सांगताना त्या तिच्या खांद्यापलीकडे बघत नव्हत्या. मग पाकीट पुढे केलं.

मातीवालीने दोन्ही प्रती मांडीवर ठेवल्या. बराच वेळ ती त्या चष्म्याकडे बघत होती. बाईंना वाटलं, आता ती ओरडेल, आणि ओरडावं असंच त्यांना वाटत होतं. वाचनकक्षातल्या सगळ्यांनी ऐकावं, साहेबांनी ऐकावं. ती ओरडली नाही. बोटाने तिनं चष्म्याच्या भोवतीची कड चाचपली, खाली काही लागतंय का बघितल्यासारखी.

"मॅडम, याच्याखाली लोकांनी लिहिलं होतं ना?"

"हो."

"मी तेव्हा वाचलं नाही. दोन ओळी वाचल्या आणि फोन फेकून दिला. विभागात सगळे अंगावर आले, तेव्हा तर मला वाटलं मरून जावं. तुमचा इतका राग आला होता." ती थांबली. "पण आता वाचायचंय. आम्ही कुणाला सांगितलंच नव्हतं. पाचवा लागला की सांगू, म्हणत होतो. मग सांगायचंच काही उरलं नाही. त्याच्याविषयी बाहेरचं कुणी काही बोललंय, असं तेवढंच आहे. तेवढंच घडलं त्याचं."

बाईंना खुर्ची हवी होती, पण तिच्यावर मातीवाली बसलेली होती.

"ते मी काढून टाकलं गं. कळल्या कळल्या काढलं. तुला त्रास नको म्हणून काढतेय, असं तेव्हा मला वाटलं. तुझ्यासाठी नाही काढलं. माझं मला बघवेना, म्हणून काढलं. तुला विचारायला हवं होतं."

मातीवालीने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. मग म्हणाली, "आठवतंय तेवढं सांगा."

बाई तिच्यासमोर पुस्तकं चढवायच्या छोट्या शिडीच्या खालच्या पायरीवर बसल्या. गेटवरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने लिहिलं होतं, लवकर ये, गेट उघडंच आहे. ते त्यांना आठवलं, कारण तो कधी काही लिहीत नसे. कॅन्टीनवालीने लिहिलं होतं, आईला म्हणावं चहावर राहू नकोस, जेवत जा. पहिल्या वर्षाची एक मुलगी होती, तिने लिहिलं होतं, मी खिडकीजवळ बसते, ती जागा मी त्याला देईन. बाई एकेक सांगत गेल्या, आणि मातीवाली एकेक ऐकून घेत होती. खिडकीच्या जागेपाशी तिने मान वळवून तिकडे पाहिलं. तिथे आता कुणी बसलेलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले होते, पण तोंडावर काहीतरी होतं, जे बाईंनी तिच्या तोंडावर आजवर पाहिलं नव्हतं. एखाद्या आईसारखी ती ऐकत होती.

"आणखी?" तिने विचारलं.

बाईंनी डोळे मिटून आठवून पाहिलं. सोमवारी त्यांनी फोन उठता-बसता उघडला होता. दर वेळी नजर वरच्या आकड्यावर जायची, तो वाढलेला दिसायचा, आणि फोन मिटायचा. तो आकडा त्यांना आत्ताही तोंडपाठ होता. त्याच्या खाली कितीतरी माणसांनी त्या बाळासाठी काय काय लिहिलं होतं, आणि ते सगळं कुणी वाचलेलं असायला हवं होतं, तर ते त्यांनीच. आठवत नाही म्हणावं, असं मनात आलं. पण तेही खोटंच झालं असतं, आणि तिच्याशी आणखी एक खोटं बोलायचं त्यांच्यात बळ नव्हतं.

"बाकीचं मी वाचलंच नाही गं," बाई म्हणाल्या.